घोटा मोडला आणि वजनही जास्त आहे

पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल चपलेला चिकटतो, बांधावरून पाय सरकतो आणि घोटा मोडतो. या वेळी आलेल्या पत्रांत घोट्याचे प्रश्न सगळ्यात जास्त होते. त्यातल्या बऱ्याच पत्रांत एक ओळ सारखी होती, ‘डॉक्टर म्हणतात, वजन जास्त आहे.’ म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे. उत्तरं अस्थिरोग आणि भूलशास्त्र या दोन्ही शाखांच्या डॉक्टरांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आई वावरातल्या बांधावरून घसरली. वय ५८, वजन ९६ किलो, उंची १५२ सेंटीमीटर. घोट्याची आतली आणि बाहेरची, दोन्ही हाडं मोडली आहेत. डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं आणि ‘सूज उतरू द्या, आठेक दिवसांनी ऑपरेशन करू’ असं सांगितलं. मामा म्हणतात, हे त्याच दिवशी व्हायला पाहिजे होतं. गावातले एकजण म्हणतात, आधी दहा-पंधरा किलो वजन उतरवा आणि मगच चिरफाड करा. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. सूज उतरण्यासाठी थांबणं योग्य आहे. वजन उतरण्यासाठी थांबणं मात्र घातक आहे.

अंगावर चरबी कितीही असो, घोट्यापाशी हाड आणि कातडी यांच्यामध्ये स्नायूंचं आवरण जवळपास नसतं. हाड मोडलं की काही तासांत तिथली कातडी ताणून चकचकीत होते. अशा कातडीवर चीर दिली तर टाके घालताना कडा जुळत नाहीत. ओढूनताणून जुळवल्या तर तीन-चार दिवसांनी काळ्या पडतात आणि खालची प्लेट उघडी पडते. वजनदार माणसाच्या पोटरीतून अशुद्ध रक्त वर चढायला मुळातच वेळ लागतो. त्यामुळे सूज जास्त येते आणि उशिरा उतरते. सूज चढण्याआधीच्या पहिल्या सहा-आठ तासांत शस्त्रक्रिया झाली तर ठीक. ती वेळ हुकली की पाच ते चौदा दिवस थांबावं लागतं. पाऊल हळूच वर ओढल्यावर घोट्याच्या कातडीवर बारीक सुरकुत्या पडू लागल्या की ती चीर सोसायला तयार झाली, असं आम्ही धरतो.

आता वजनाचं. आईंचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, साडेएकेचाळीसच्या आसपास येतो. भारतीयांमध्ये २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. शस्त्रक्रियेतली जोखीम ३० च्या पुढे वाढू लागते आणि ४० च्या पुढे ठळक होते. आईंची जोखीम आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण सुरक्षितपणे वजन उतरतं ते आठवड्याला अर्धा ते एक किलो, म्हणजे दहा किलोंना निदान अडीच-तीन महिने हवेत. मोडलेल्या टोकांमध्ये तिसऱ्या आठवड्यापासूनच नवं, मऊ हाड धरू लागतं. त्यानंतर तुकडे मूळ जागी बसवताना ते खरवडून काढावं लागतं, चीर मोठी होते आणि बसवलेला सांधा तरीही बिनचूक होईलच असं नाही.

थांबण्याचे हे दिवस नुसते पडून घालवायचे नाहीत. पोटरीखाली उशा देऊन पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा आणि टाच मोकळी, अधांतरी राहू द्या. टाच उशीवर टेकली तर वजनदार रुग्णाला दोन दिवसांत तिथे जखम होते. पाठ पूर्ण सपाट ठेवल्यावर दम लागत असेल तर डोक्याकडची बाजू थोडी उचला आणि पाय त्याहून वर घ्या. बोटं तासातासाला हलवायला लावा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा लावा. पायाला बधिरपणा असेल तर बर्फ नको, भाजल्यासारखी इजा होते आणि कळतही नाही. फोड आले तर घरी फोडू नका. पाण्याचे फोड वरच्या थरातले असतात. रक्तासारखे लाल-काळे फोड कातडीच्या खोल थरापर्यंत गेलेले असतात, त्यामुळे शस्त्रक्रिया आणखी पुढे ढकलावी लागते.

एक गोष्ट आजच विचारा. प्लास्टर घातल्यानंतर पुन्हा एक्स-रे काढला का आणि सांधा जागेवर आहे का? सांधा निखळलेला तसाच ठेवून सूज उतरण्याची वाट बघता येत नाही. आतल्या हाडाचं टोक कातडीला आतून दाबत राहतं आणि कातडी मरते. जाड पायात कच्च्या प्लास्टरने सांधा धरून राहत नसेल तर बाहेरून सळ्यांची चौकट बसवून तो जागेवर ठेवतात आणि प्लेटची शस्त्रक्रिया नंतर करतात. वेदना औषध देऊनही चढत गेल्या, बोटं दुसऱ्याने हलवल्यावर किंकाळी येऊ लागली किंवा बोटं पांढरी, थंड पडली तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. तेलाने चोळणं आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधणं या सुजलेल्या पायाला अजिबात चालत नाही.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाचं वजन १०४ किलो. शेजारच्या मुलाचाही घोटा मोडला होता, त्याला एक छोटी प्लेट आणि दोन-तीन स्क्रू बसले. भावाला मात्र लांब लॉकिंग प्लेट आणि दोन हाडांतून आरपार जाणारे दोन स्क्रू सांगितले आहेत. खर्च बराच वाढतो. हे खरंच लागतं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : शंका रास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर.

चालताना घोट्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या चार ते पाच पट दाब येतो. ६० किलोंच्या माणसाच्या घोट्यावर अडीचशे-तीनशे किलो, तर तुमच्या भावाच्या घोट्यावर चारशे-पाचशे किलो. प्लेट मात्र दोघांचीही तेवढ्याच जाडीची पोलादाची किंवा टायटॅनियमची. हाड जुळेपर्यंत हा ताण धातूला सोसावा लागतो. हाड वेळेत जुळलं नाही तर कितीही भक्कम धातू शेवटी थकून तुटतो किंवा स्क्रू हाडातून उपटले जातात.

दुसरी बाब मापाची. नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड मिळून खाली एक खाच तयार होते आणि तिच्यात टॅलस नावाचं हाड बसतं. टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकलं तर सांध्याचे टेकणारे पृष्ठभाग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात, असं १९७६ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात मोजलं गेलं. नंतरच्या प्रयोगांत आकडे थोडे वेगळे आले, पण दिशा तीच. तेवढाच दाब कमी जागेवर आला की कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, झिजते आणि काही वर्षांत सांधा दुखरा होतो. वजन जास्त असेल तर ही झीज लवकर होते. थोडक्यात, ज्याच्या सांध्यात तसूभरही चूक चालत नाही, त्याच्याच सांध्यात ती चूक होण्याचा धोका सगळ्यात जास्त.

वजनदार माणूस तेवढ्याच उंचीवरून, तसाच घसरला तरी घोट्याला बसणारा पीळ मोठा असतो. म्हणून एका हाडाऐवजी दोन-तीन ठिकाणी मोडणं आणि दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे तंतू फाटणं त्यांच्यात जास्त दिसतं. या तंतूंच्या बांधणीला डॉक्टर सिंडेस्मोसिस म्हणतात. ती फाटली की बाहेरच्या हाडातून नडगीत आरपार स्क्रू घालून खाच बंद ठेवावी लागते. हलक्या, तरुण रुग्णात एक ३.५ मिलिमीटरचा स्क्रू पुष्कळदा पुरतो. जास्त वजनात एकच स्क्रू सैल पडून खाच पुन्हा उघडल्याचं वारंवार दिसतं. म्हणून दोन स्क्रू घालतात आणि दोन्ही हाडांच्या मिळून चारही भिंती भेदतील इतके लांब घेतात.

लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकंच प्लेटमध्ये आट्यांनी बसतं. हाड ठिसूळ असेल, मधुमेह असेल किंवा तुकडे बारीक असतील तर तिचा उपयोग नक्की आहे. हाड मजबूत असेल, मोड सरळ तिरपी असेल तर साधी प्लेट बाहेरच्या हाडाच्या मागच्या बाजूने बसवूनही भक्कम पकड मिळते. शिवाय ती कातडीखाली टोचत नाही. तेव्हा डॉक्टरांना नेमकं विचारा : हाड ठिसूळ आहे का? तुकडे किती? नडगीच्या खालच्या टोकाचा मागचा तुकडा मोडला असेल तर तो बसवणार का? मागचा तुकडा नीट बसला तर सांध्याला पुष्कळ आधार मिळतो. काही ठिकाणी बाहेरच्या हाडात प्लेटऐवजी आतून बारीक रॉड घालतात. चीर लहान राहते, म्हणून कातडी खराब असलेल्या रुग्णात तो विचार करण्याजोगा आहे.

प्रश्न : सासूबाईंचं वय ६६, वजन ८८. बाहेरचं एकच हाड मोडलं आहे. ऑपरेशन टाळून प्लास्टरवर भागेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : भागू शकतं, सांधा स्थिर असेल तर. बाहेरचं एकच हाड मोडलं आहे आणि आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, शाबूत आहे, हे आधी ठरवावं लागतं. नुसत्या झोपून काढलेल्या एक्स-रेवर ते नेहमी कळत नाही. पायावर थोडा भार देऊन उभ्याने काढलेल्या एक्स-रेत खाच उघडली नाही, तर शस्त्रक्रियेचा आग्रह धरण्याचं कारण नाही.

सांधा अस्थिर असेल तरी साठीनंतर प्लास्टरचा पर्याय अगदीच बाद नाही. ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या ६२० रुग्णांवर झालेली आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेली चाचणी यासाठी महत्त्वाची. अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि अर्ध्यांना भूल देऊन, हाड बसवून, अंगालगत घट्ट घडवलेलं प्लास्टर. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचं चालणं-फिरणं सारखं निघालं. जखमेच्या तक्रारी शस्त्रक्रियेच्या गटात जास्त होत्या, हाड वाकडं जुळणं प्लास्टरच्या गटात.

पण जाड पायात अशा प्लास्टरची पकड कमी पडते. प्लास्टर तीन ठिकाणी दाब देऊन हाड धरतं. मधे चरबीचा आणि सुजेचा थर असला की तो दाब हाडापर्यंत पोचत नाही. शिवाय आठवड्याभरात सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि हाड आतल्या आत सरकतं. म्हणून प्लास्टरचा मार्ग घेतला तर पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे हवाच, आणि प्लास्टरमध्ये बोट सहज शिरू लागलं तर ते बदलून घ्यायचं. ‘दीड महिन्यांनी या’ एवढंच सांगून घरी पाठवलं असेल तर स्वतःहून आठव्या दिवशी जा.

प्रश्न : वय ४५, वजन ११८ किलो. रात्री मोठ्याने घोरतो. पत्नी म्हणते, मधेच श्वास थांबतो. भुलीचीच जास्त भीती वाटते.
– एक वाचक, परभणी

उत्तर : हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हीच माहिती भूलतज्ज्ञाला जशीच्या तशी सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा विकार अनेक वजनदार माणसांना असतो आणि त्यांना तो माहीतच नसतो. तपासायला आठ साधे प्रश्न आहेत : मोठं घोरणं, दिवसा झोप येणं, श्वास थांबलेला कोणी पाहणं, रक्तदाब, बॉडी मास इंडेक्स ३५ च्या वर, वय पन्नाशीच्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरहून जास्त आणि पुरुष असणं. यातले तीन किंवा अधिक ‘हो’ असतील तर विकार असण्याची शक्यता धरून तयारी करतात.

घोट्याच्या शस्त्रक्रियेला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही, आणि तुमच्यासारख्याला ती टाळलेलीच बरी. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात. नेहमीची सुई ९ सेंटीमीटरची असते. पाठीवर चरबी जास्त असेल तर १२ ते १५ सेंटीमीटरची लांब सुई आधीच मागवून ठेवावी लागते. मणके हाताला लागत नसतील तर सोनोग्राफीने जागा बघतात. दुसरा मार्ग म्हणजे गुडघ्याच्या मागच्या नसेला आणि मांडीतून घोट्याच्या आतल्या बाजूकडे जाणाऱ्या नसेला सोनोग्राफीखाली बधिर करणं. त्याने पहिल्या रात्रीच्या वेदनाही कमी राहतात. वेदना कमी म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं कमी, आणि हेच तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं. कारण ती औषधं आणि झोपेतला अडकणारा श्वास यांची गाठ पडली की रात्री धोका होतो. पहिली रात्र बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून आणि डोकं उंच ठेवून काढायची. घरी श्वासाचं सीपॅप यंत्र असेल तर बरोबर न्या.

शस्त्रक्रियेआधी घन अन्न सहा तास बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. वजन कमी करायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल तर सांगा, कारण त्याने अन्न पोटात जास्त वेळ राहतं. जंतुसंसर्ग टाळायला चीर देण्यापूर्वी तासाभराच्या आत सेफाझोलिन देतात. त्याची मात्रा प्रौढांत २ ग्रॅम, पण १२० किलो आणि त्यापुढे ३ ग्रॅम. तुम्ही त्या रेषेच्या अगदी जवळ आहात, तेव्हा अंदाजाने न सांगता काट्यावर वजन करून घ्या. आणि भरती होण्याआधी विचारून ठेवा की ऑपरेशनचं टेबल किती वजनाचं आहे. लाज वाटून घेण्यासारखं यात काही नाही.

प्रश्न : मधुमेह पंधरा वर्षांपासून. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.८ टक्के. पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. वजन ९१ किलो. घोटा मुरगळला असं वाटून आठ दिवस तसाच चालत होतो, एक्स-रेत दोन हाडं मोडलेली निघाली.
– एक वाचक, जालना

उत्तर : तुमच्या पत्रात वजनापेक्षा गंभीर गोष्ट दुसरीच आहे. मोडक्या घोट्यावर आठ दिवस चालूनही फारसं दुखलं नाही, याचा अर्थ पायाची संवेदना गेली आहे. लठ्ठपणा, मधुमेह आणि बधिर पाय हे तिन्ही एकत्र आले की घोट्याच्या शस्त्रक्रियेत जखम चिघळणं, प्लेट सुटणं आणि सांधा ढासळणं यांची शक्यता कित्येक पटींनी वाढते. नुसत्या वजनाने एवढं नुकसान होत नाही. जास्त वजनाचे, पण साखर आटोक्यात असलेले आणि पायाला जाणीव असलेले पुष्कळ रुग्ण चांगले बरे होतात.

आजपासून त्या पायावर अजिबात भार नको. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात, ती तपासणी करून घ्या. पायाच्या नाड्या लागतात का, हेही बघायला सांगा. रक्तपुरवठाच कमी असेल तर आधी त्याचा विचार करावा लागतो.

९.८ हा आकडा महिनाभरात उतरणार नाही आणि मोड तेवढी थांबणार नाही. मग जे हातात आहे ते करायचं : शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रोजची साखर १४० ते १८० च्या दरम्यान. त्यासाठी काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागतं, ‘एकदा सुरू झालं की सुटत नाही’ या समजुतीने नाकारू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या ठरवलेल्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात. नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं, आणि नुसता साखरेचा आकडा पाहून ते लक्षात येत नाही. गोळ्यांची पाकिटंच बरोबर न्या.

बधिर पायात आम्ही नेहमीपेक्षा जास्त धातू वापरतो : लांब प्लेट, आरपार जाणारे तीन-चार स्क्रू. आणि भार बंद ठेवण्याचा काळ दुप्पट धरतो. सहा आठवड्यांऐवजी बारा. दुखत नाही म्हणून सहाव्या आठवड्याला चालायला लागलेल्या रुग्णाचा सांधा आतल्या आत चुरा होतो, पाऊल लाल-गरम होऊन आकार बदलतं. लोक त्याला सूज समजून शेक देत बसतात. तंबाखू किंवा गुटखा खात असाल, घरात मिश्री लावली जात असेल तर तीही बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि घोट्याच्या कातडीला रक्त पुरवणाऱ्या तेवढ्याच तर असतात.

प्रश्न : आत्याचं ऑपरेशन नीट झालं. वजन १०० किलो. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं सांगितलं आहे. पण घर जुनं, दोन उंबरठे, संडास अंगणात आणि तोही बैठा. वॉकरवर दोन पावलं टाकली की दम लागतो. हे निभवायचं कसं?
– एक वाचक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : शस्त्रक्रिया तासा-दीड तासात होते, पण बिघाड बहुतेक वेळा या सहा आठवड्यांत होतो. ‘पाय टेकवू नका’ हे सांगायला सोपं आहे. १०० किलो वजन एका पायावर आणि दोन हातांवर तोलून उड्या मारत जाणं साठीच्या बाईला शक्य नसतं, मग नाइलाजाने पाय टेकला जातो आणि स्क्रू निसटतो. दोष त्यांचा नसतो. आधीच व्यवस्था करायला हवी होती, एवढंच.

वॉकर आणि कुबड्यांवर उत्पादकाने वजनमर्यादा लिहिलेली असते आणि बाजारातल्या बऱ्याच हलक्या वॉकरची ती १०० किलोंच्या आसपासच असते. विकत घेण्याआधी ती वाचा आणि आत्याच्या वजनापेक्षा निदान २० किलो जास्त असलेला घ्या. उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या पातळीला यावी. खालचे रबरी बूट झिजले असतील तर बदला, शेणाने सारवलेल्या किंवा गुळगुळीत फरशीवर ते सरकतात. आमचा सल्ला असा की घरातल्या घरात चालण्याचा हट्टच सोडा. चाकाची खुर्ची, पाय आडवा ठेवायच्या फळीसह, दोन महिन्यांसाठी भाड्याने घ्या. वॉकर फक्त पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जाण्यापुरता.

पलंग सुमारे १८ इंच उंच हवा. खाली असेल तर पायांखाली विटा नकोत, त्या निसटतात. गादीवर गादी घाला. बैठ्या संडासाला या काळात जायचं नाही. चार पायांची, बिनचाकाची कमोड खुर्ची खोलीतच ठेवा, तिचीही वजनमर्यादा बघून. उंबरठ्यावर लाकडी उतार करायचा तर दर इंच उंचीला १२ इंच लांबी लागते. सहा इंचांच्या उंबरठ्याला सहा फूट फळी. एवढी जागा नसेल तर उंबरठा ओलांडताना दोन माणसांनी खुर्ची मागे कलवून, मागची चाकं आधी चढवत न्यावी. एखाद-दुसरी पायरी असेल तर बसून मागे सरकत चढणं उड्या मारण्यापेक्षा सुरक्षित.

डॉक्टर पुढे ‘थोडा भार द्या’ म्हणतील. थोडा म्हणजे किती, हे किलोत विचारा. आंघोळीच्या खोलीत ठेवतात तसा वजनकाटा जमिनीवर ठेवून, बरं होणारं पाऊल त्यावर टेकवून १०-१५ किलो म्हणजे किती दाब, याचा सराव दिवसातून दोनदा करायचा. काही रुग्णांना आता दोन आठवड्यांनंतरच भार द्यायला सांगतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ते सहा आठवडे थांबण्याइतकंच चांगलं ठरलं आहे. वजनदार माणसाला तर त्याचा मोठा फायदा. पण संवेदना गेलेले रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते. आणि आरपार स्क्रू असेल, हाड ठिसूळ असेल तर तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

पडून राहणं आणि वजन यांच्यामुळे पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका राहतो. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं पोटावर घ्यायला सांगितली असतील तर एकही चुकवू नका. ४० च्या पुढे बॉडी मास इंडेक्स असेल तर त्यांची मात्राही वेगळी असू शकते, विचारून घ्या. दर तासाला दुसऱ्या पायाचं पाऊल वीस वेळा वर-खाली करायचं. पाणी भरपूर. पोटरी किंवा मांडी अचानक जाड, घट्ट झाली तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखून धाप लागली तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

प्रश्न : ऑपरेशनला नऊ दिवस झाले. पट्टी रोज ओली होते. शेजारणीने हळद भरायला सांगितली.
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : हळद, तूप, पावडर काहीही भरू नका आणि आजच डॉक्टरांकडे जा. पहिले तीन-चार दिवस थोडं लालसर पाणी येतं. पाचव्या दिवसानंतरही पट्टी भिजत असेल तर जखम आतून मिटत नाही असं समजायचं. या टप्प्यावर धुऊन, योग्य प्रतिजैविक देऊन किंवा हवा ओढणारी पट्टी लावून प्लेट पुष्कळदा वाचवता येते. दोन आठवडे घरगुती उपायांत गेले तर जंतू धातूवर थर धरतात आणि मग प्लेट काढल्याशिवाय पू थांबत नाही. उरलेल्या गोळ्या परस्पर सुरू करू नका, त्याने नेमका जंतू तपासणीत सापडत नाही. आणि टाके चौदाव्या दिवशीच निघाले पाहिजेत असं नाही. सूज आणि वजन जास्त असेल तर तीन आठवडेही ठेवतात.

प्रश्न : आता पडूनच आहे तर या दोन महिन्यांत एक वेळ जेवून वजन उतरवावं का? श्रावणात माझे उपासही असतात.
– एक वाचक, वैजापूर, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : इच्छा चांगली आहे, वेळ चुकीची. जखम आणि हाड भरायला प्रथिनं लागतात. उपाशी राहिलात तर शरीर ती स्वतःच्या स्नायूंतून काढून घेतं. अंगावर चरबी भरपूर आणि प्रथिनं मात्र कमी, असं जास्त वजनाच्या रुग्णांत पुष्कळदा असतं. उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. साखर आणि वजन दोन्ही वाढवणारी आणि जखमेच्या उपयोगाची नसणारी. उपास सोडवत नसेल तर शेंगदाणे, दही, दूध, भगर यांवर करा.

उंचीच्या मानाने जे योग्य वजन असेल त्याच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. १६० सेंटीमीटर उंचीला ती ६० ते ७० ग्रॅम येतात. ज्वारीच्या दोन भाकरी, ५० ग्रॅम तूरडाळीचं वरण, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दही यांतून साठच्या पुढे जाता येतं. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांत आणखी १२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. चहातली साखर, फरसाण, तळण आणि दुपारचा जास्तीचा भात एवढंच कमी करा, म्हणजे बसून वजन वाढणार नाही. ड जीवनसत्त्व तपासा. लठ्ठ माणसात ते कमी असणं नेहमीचं आहे, उन्हातान्हात राबणाऱ्यांतसुद्धा. कमी निघालं तर ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे देतात. रोज एक घेऊ नका, अशा चुका घडतात आणि त्या महागात पडतात. वजन उतरवण्याचा खरा कार्यक्रम हाड जुळून चालणं सुरू झाल्यावर.

प्रश्न : एक्स-रेत आरपार स्क्रू तुटलेला दिसतो. पाच महिने झाले. दुखत नाही. पुन्हा ऑपरेशन?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : गरज नाही. दोन हाडांना जोडणारा हा स्क्रू चालणं सुरू झाल्यावर पुष्कळदा सैल होतो किंवा तुटतो. तोवर तंतू जुळलेले असतात. खाच उघडलेली नाही ना, एवढं दोन्ही घोट्यांचे एक्स-रे शेजारी ठेवून बघायला सांगा. प्लेट मोडली असेल किंवा खाच उघडली असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

प्रश्न : खर्च झेपत नाही. सरकारी योजनेत हे बसतं का?
– एक वाचक, ता. गंगाखेड

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या शस्त्रक्रिया आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. तुमच्या मोडीचा प्रकार कोणत्या पॅकेजमध्ये येतो आणि लॉकिंग प्लेट त्यात धरली आहे का, हे भरती होण्याआधी विचारा. वजन बरंच जास्त असेल, श्वासाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर अतिदक्षता विभाग असलेलं ठिकाण निवडा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी हे शासकीय रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, तसंच नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं यासाठी आहेत.

प्रश्न : उजवा घोटा. स्कूटर कधी चालवू?
– एक वाचक, अंबड, जि. जालना

उत्तर : उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर चारचाकीचा ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला साधारण नऊ आठवडे लागतात, असं मोजलं गेलं आहे. स्कूटरचा ब्रेक हाताने असला तरी थांबताना शंभराहून जास्त किलोंची गाडी आणि तुमचं वजन पायावरच तोलावं लागतं. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं पाहिजे, कुबडीशिवाय न लंगडता चालता आलं पाहिजे आणि फक्त उजव्या पायावर दहा सेकंद उभं राहता आलं पाहिजे. वजन जास्त असेल तर त्याला बहुतेक तीन महिने लागतात. पहिले काही दिवस कोरड्या, सपाट रस्त्यावरच चालवा आणि थांबताना डावा पाय टेकवा.